कोपऱ्यातला अंगठा

नवरा गेल्यावर लोकांनी मला पुष्कळ उद्योग सुचवले. सकाळी फिरायला जा, मांजर पाळ, गाण्याच्या क्लासला नाव घाल. चार दिवस माझ्याकडे राहायला ये, असं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. सल्ला द्यायला घरात जागा लागत नाही.

माझा उद्योग मीच शोधून काढला. संध्याकाळी दुकानातून आले की गॅसवर काहीतरी ठेवायचं, टेबलाशी बसायचं आणि फोनवर विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह उघडून नवऱ्याचा अंगठा बघायचा.

मला वेड लागलेलं नाही. सांगते.

माझा नवरा त्या ग्रंथालयात स्कॅनिंग करायचा. आपल्या पणजोबांच्या काळातली साप्ताहिकं, वर्षावर्षाची एकत्र शिवून बांधलेली, एकेक खंड उचलताना कंबर धरावी असा. पाळण्यासारखी एक चौकट असते. तिच्यात खंड अर्धवट उघडा ठेवायचा, वरून काच दाबायची, फोटो घ्यायचा, काच उचलायची, पान उलटायचं. दिवसभर हेच. काही खंडांची बांधणी इतकी ताठ, की ते काचेखाली बसत नाहीत. मग काच बाजूला काढायची आणि पान हाताने दाबून धरायचं. अशा पानांत कधी कधी धरणाऱ्याचं बोट येतं. समासाच्या रिकाम्या पट्टीत, खालच्या कोपऱ्यात, हिरवी रबरी टोपी घातलेला अंगठा.

हिरव्या टोप्या मला ओळखीच्या होत्या. नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकताना खिशात हटकून एक सापडायची. न बघता टाकला की ती मशिनच्या जाळीत जाऊन बसायची आणि मी घर डोक्यावर घ्यायची. तो म्हणायचा, बरं. एवढंच. दुसऱ्या दिवशी खिशात टोपी असायचीच.

घरात त्याचे फोटो आहेत. सगळे पासपोर्टला काढल्यासारखे. लग्नाच्या फोटोतसुद्धा असा उभा आहे, जणू शेजारच्या बाईशी आपला काही संबंध नाही. त्याला काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. कामाबद्दल तो बोलायचाही नाही. लंबूने आज परत पान फाडलं, ही ऑफिसची एकमेव बातमी वर्षातून दोन-चारदा घरी यायची. लंबू म्हणजे त्याच्या शेजारच्या मशिनवरचा माणूस. नवरा गेला त्या दिवशी तो आला होता, दारात चपलांपाशी उभा राहिला आणि आत न येताच गेला.

म्हणून मला तो अंगठा सापडला तेव्हा मी फोन खाली ठेवून ढसाढसा रडले. शोकसभेत सगळे बघत असताना जे डोळे कोरडे राहिले होते, ते एका रबरी टोपीपुढे फुटले. पान मोठं करत जायचं. टोपीच्या वर अंगठ्याचा सांधा दिसायचा, थोडा बाहेरच्या बाजूला वाकलेला. एखाद्या पानावर मनगटाचा तुकडा, शर्टाची बाही. कुठे जोर लावलेला, कुठे नुसता टेकवलेला. मला कळायला लागलं होतं की दुपारनंतर तो थकतो, अंगठा हळूहळू पानाच्या आत सरकतो. माझा जन्म दुकानात दुसऱ्यांच्या पँटी आखूड करण्यात गेला, थकलेला हात मला कळतो. वाटायचं, इतक्या वर्षांनी का होईना, मी याच्या शेजारी बसले आहे.

नणंदेला हे कळलं ते माझ्याच तोंडाळपणामुळे. तिने फोनवर विचारलं, काय करतेस, आणि मी खरं सांगितलं.

"वहिनी, दादा होता तेव्हा त्याचं तोंड तरी बघायचीस का गं?" ती म्हणाली. "आता अंगठा बघत बसलीयेस."

मी म्हटलं, तुझ्या दादाला तोंड होतं हे मला तरी कुठे माहीत होतं, ते उघडायला नको का कधी. तिने फोन ठेवला. पण तिचं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

मग एक दिवस त्या वेबसाइटवर सूचना आली. संग्रहाच्या प्रतिमांचा दर्जा सुधारण्याचं काम सुरू होत आहे, पानांवरील नको असलेले घटक काढून टाकण्यात येतील. सोबत नमुन्याची दोन चित्रं. पहिल्यात अंगठा. दुसऱ्यात अंगठा नाही, नुसता पिवळट कागद.

नको असलेले घटक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाने आयुष्य घालवलं ह्यांच्या अंधाऱ्या खोलीत, आणि त्याचं जे एक हाड-मांस चुकून पानावर राहिलं त्याला हे घटक म्हणतात. मी दुकानात सांगितलं, उद्या येत नाही, आणि ग्रंथालयात गेले.

दारावरच्या रखवालदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय. माझ्या तोंडून निघून गेलं, नवऱ्याला. कुठल्या विभागात? स्कॅनिंग. त्याने काहीही न बोलता पास फाडून दिला. त्या दिवशी मला बरी वागणूक देणारा तो पहिला माणूस.

वाचनालयाच्या मागच्या बोळातून जावं लागतं. भिंतीला लागून मोडक्या खुर्च्यांची चळत, पुढे पाण्याची टाकी, मग एक दार. आत खिडक्यांवर काळे पडदे, दिव्याखाली दोन चौकटी. एकीशी लंबू उभा होता. दुसरी रिकामी, तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण टाकलेलं. मी त्या आवरणाकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

त्याच खोलीच्या टोकाला बसलेली विभागाची प्रमुख मॅडम म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. पण तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. गोड माणसाशी भांडणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं. मी म्हटलं, तुम्ही जो अंगठा पुसताय, तो माझा नवरा आहे.

तिने कुठलं पान ते विचारून घेतलं. मग तिने मोठ्या पडद्यावर पान उघडलं. माझं आवडतं पान, मला तर पाठ आहे, छत्रीच्या दुकानाची जाहिरात असलेलं. कोपऱ्यात हिरवी टोपी. फोनवर नखाएवढा दिसणारा अंगठा तिथे पोळपाटाएवढा झाला. त्वचेच्या रेषा दिसत होत्या.

"हेच का?" तिने विचारलं.

हेच, मी म्हटलं.

तिचा चेहरा खरंच उतरला. म्हणाली, असं कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, वाचणाऱ्यांना अडथळा. आपण असं करू, ह्या खंडांतले अंगठे राहू देऊ. उलट खाली एक टीप टाकू, त्यांच्या नावाची. हे काम ज्यांनी केलं त्यांची आठवण म्हणून. मला तुमच्याकडून परवानगीचे दोन शब्द हवेत, बाकी मी वरिष्ठांना समजावते.

मी मान हलवली. एवढं कुणी त्याच्यासाठी करेल असं मनातही नव्हतं. नावाची टीप. नणंदेला दाखवता आली असती.

लंबूच्या मशिनचा आवाज थांबला होता.

तो तिथेच उभा होता, हातात अर्धवट उलटलेलं पान. ते त्याने हळूच खाली टेकवलं आणि आमच्याकडे न बघता, खंडाकडे बघत बोलला.

"मॅडम, तो त्यांचा नाही. माझा आहे."

मॅडमला कळलं नाही. मला कळलं, कारण पान टेकवताना मी त्याचा अंगठा पाहिला होता. सांधा बाहेरच्या बाजूला वाकलेला. त्यावर हिरवी टोपी.

मी उठले. चालत त्याच्यापर्यंत गेले. म्हटलं, हात पुढे करा. त्याने केला. शाळेत छडी खायला करतात तसा. मी तो अंगठा धरून दिव्याखाली फिरवून पाहिला. वर्षभर संध्याकाळी मी ज्याच्याबरोबर जेवले होते तो हाच होता. मनगटावर तीच बारीक बटणाची बाही.

"टोप्या तर त्याच्या खिशात असायच्या," मी म्हटलं.

"सकाळी सगळ्यांना एकेक मिळते, वहिनी. दादा घालायचेच नाहीत. खिशात टाकून द्यायचे. त्यांना लागायची नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. माझा नवरा पान बोटाने धरतच नसे. त्याने पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून घेतल्या होत्या, बोटाएवढ्या रुंद. ताठ खंड असला की पट्टी पानावर टाकायची, तिची टोकं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर धरायची. फोटोत पट्टी दिसत नाही, हात दिसत नाही. त्याने हे लंबूलाही शिकवायला घेतलं होतं, पण लंबूचे हात मोठे, पट्टी निसटायची, पान फाटायचं.

मी विचारलं, मग त्याची पानं कुठली?

लंबूने मॅडमला काही खंड सांगितले. तिने एकामागून एक उघडले. मी पडद्यापाशी जाऊन उभी राहिले. कोपरे बघितले, समास बघितले, शिवणीची बाजू बघितली. मॅडम पानं पुढे सरकवत राहिली. स्वच्छ. कुठे बोट नाही, सावली नाही, एक केस नाही.

"एकदाही?" मी विचारलं.

"एकदाही नाही," लंबू म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

कारण हे मला नवीन नव्हतं. हा माणूस माझ्या घरातही असाच राहिला. चहा प्यायला की कप विसळून पालथा. अंथरूण उठल्याबरोबर घडी घालून. वर्तमानपत्र वाचलं तरी न वाचल्यासारखं. बायका नवऱ्याच्या पसाऱ्याने वैतागतात; मला वैतागायला त्याने कधी एक मोजा दिला नाही. टोप्या तेवढ्या राहिल्या, त्यासुद्धा न वापरलेल्या. तो गेल्यावर आवरायला म्हणून मी कपाट उघडलं तर आवरण्यासारखं काहीच नव्हतं. कोरा करकरीत गेला.

मी लंबूला विचारलं ते विचारायला नको होतं. माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का?

लंबूने विचार केला. खोटं बोलला असता तर मला चाललं असतं, आणि त्यालाही ते दिसत असावं.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "आम्ही तसं बोलायचोच नाही."

मॅडमने पडद्यावर छत्रीच्या दुकानाचं पान पुन्हा आणलं. मग फार सांभाळून, जखमेवर बोट पडू नये तसं विचारलं, की मग हे अंगठे... काढायचे का आता?

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेरून आलेली पँटी आखूड करणारी बाई, आणि विद्यापीठ माझ्या उत्तराची वाट बघत होतं. पाच मिनिटांपूर्वी मी ह्यासाठी जीव दिला असता.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "ज्याचा अंगठा आहे त्याला विचारा."

मॅडम लंबूकडे वळली. मला वाटतं त्या खोलीत त्याला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. त्या अंगठ्यांवरून त्याने आयुष्यभर बोलणी खाल्ली होती, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. तो म्हणणार, काढा. मी पैज लावली असती.

त्याने टोपी काढली, मूठ मिटली, उघडली.

"राहू द्या," तो म्हणाला. मग खाली बघत, "मला कुणी नाहीये तसं. ह्या इतका वेळ बघत होत्या, हे आत्ता कळलं."

मॅडम म्हणाली, मी वरिष्ठांशी बोलून बघते. ते बोलणं कसलं असतं मला माहीत आहे. टीप तर गेलीच. मी पर्स उचलली. लंबू दारापर्यंत आला, बोळात यावं की नाही ते त्याला ठरवता येईना, आणि मी मागे वळून त्याची अडचण सोडवली नाही. माझ्याकडे त्या दिवशी कुणासाठी काही शिल्लक नव्हतं. बसमध्ये शेजारी एक बाई झोपली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी तिला उतरेपर्यंत हलवलं नाही.

घरी येऊन गॅसवर काही ठेवलं नाही. टेबलाशी बसले. छत्रीच्या दुकानाचं पान उघडणार होते, हात सवयीने तिथेच गेला, पण मागे घेतला. लंबूच्या अंगठ्याकडे आता बघणं म्हणजे परक्याच्या खिडकीतून आत बघणं झालं असतं. मी लंबूने सांगितलेल्यांपैकी एक खंड उघडला. नवऱ्याचा.

कोपरा मोठा केला. काही नाही. दुसरा कोपरा. काही नाही. मी पान पूर्ण दिसेल इतकं लहान केलं आणि बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून वाचायला लागले.

खरं सांगायचं तर वर्षभरात मी एकही ओळ वाचली नव्हती. कुठल्याशा गावात पूल खचला होता आणि गावकरी म्हणत होते की आम्ही आधीच सांगितलं होतं. एका शिक्षकाची बदली झाली होती, मुलं रस्त्यात आडवी झाली होती. एका माणसाने जाहिरात दिली होती की माझी पत्नी रागाने माहेरी गेली आहे, तिने परत यावं, मी यापुढे जेवताना बोलत जाईन.

ती जाहिरात मी तीनदा वाचली. छपाई फिकी होती, पण एकेक अक्षर सुटं दिसत होतं. पान अगदी सपाट होतं. कुणीतरी ते फार काळजीने धरलं होतं.

मग मी त्या पानाशी मोठ्याने बोलले, रिकाम्या घरात. म्हटलं, वाचलं असशील ना रे हे? हातात होतं तुझ्या. मग संध्याकाळी घरी येऊन एवढं एक मला सांगायला तुझं काय जात होतं?