तीन शिट्ट्या म्हणजे खेळ बंद

मित्रांनो, आकाराने मी तुमच्या अंगठ्याएवढी; पण भल्याभल्यांना जागच्या जागी उभे करायची ताकद माझ्यात आहे. मी आहे एक जुनी पितळी शिट्टी. माझे वय विचारू नका. मी ज्यांना मैदानावर पळवले, त्यांची मुले आता शाळेत पळतात, एवढ्यावरून अंदाज करा.

एका कारागिराने पितळेचा पत्रा कापून, वाकवून, सांधून मला घडवले आणि माझ्या पोटात बुचाची छोटी गोटी घातली. ती गोटी म्हणजे माझा जीव. ती नाचली की माझा आवाज थरथरत दूरवर जातो. ती अडली की मी नुसती फुसफुसते.

मला विकत घेतले ते शाळेत खेळ शिकवणाऱ्या एका बाईंनी. पुढची एकतीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. एकदा मुख्याध्यापक हसत म्हणाले, "बाई, मुलं तुमच्यापेक्षा तुमच्या शिट्टीलाच जास्त घाबरतात."

"घाबरत नाहीत सर, ऐकतात," बाई म्हणाल्या. "दोन्हीत फरक आहे."

त्या दिवशी मी अशी फुगले म्हणता! पण निवृत्त झाल्यावर बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या खणात ठेवले आणि विसरून गेल्या. तिथे सुटी बटणे, संपलेले सेल, दोऱ्याची रिळे अशी मंडळी होती. माझ्या पोटात धूळ गेली, लोकरीचा गुंता गेला. गोटी एका कोपऱ्यात चिकटून बसली. नऊ वर्षे मला कोणी हात लावला नाही.

बाईंची मुलगी छापखान्यात काम करते. सगळे तिला ताई म्हणतात. तिला आणि तिच्या मित्रमंडळींना सोंगाच्या खेळाचे वेड. हा खेळ नाटकासारखाच, पण त्याला ना रंगमंच ना प्रेक्षक. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि दोन दिवस तेच जगायचे. कोणी राजा, कोणी हेर, कोणी सैनिक. तलवारी लाकडाच्या, वरून स्पंज गुंडाळलेला. यंदा त्यांनी ठरवले की खेळ थेट जंगलात करायचा. माणसे बेचाळीस. फोन तिथे लागत नाही, आणि शेवटचे गाव दोन तासांवर.

महिनाभर बाईंचे जेवणाचे टेबल जेवणासाठी मोकळे नव्हते. नकाशे, तंबूंचे खुंटे, अर्धवट शिवलेले झगे, कोणाला दमा आहे आणि कोणाला मधमाशी चावलेली चालत नाही याची यादी. बाई गुडघ्याला तेल चोळत सगळे बघत होत्या. एका दुपारी त्यांना राहवेना.

"पाणी कुठून आणणार?"

"ओढा आहे ना तिथे."

"आहे की होता? या महिन्यात जाऊन बघितलास?"

पुढच्या रविवारी ताई बघून आली. ओढ्यात पाऊलसुद्धा बुडत नव्हते. यादीत पाण्याचे तीस कॅन वाढले. मग बाईंनी विचारले, "आणि कोणाला खरंच लागलं तर?"

"ओरडेल की तो."

"आणि खेळात काय करतात तुमचे लोक?"

"लढतात, पडतात, मरतात…" ताई थबकली. "ओरडतात."

मग बाई उठल्या आणि त्यांनी माझा खण उघडला.

त्यांनी मला तोंडाला लावून फुंकर मारली. फुस्स! मित्रांनो, लाजेने मी पाणी पाणी झाले. पण बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी मला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवले, टाचणीने आतला गुंता ओढून काढला, जुन्या दातब्रशने घासले आणि उन्हात वाळवले. मग पुन्हा फुंकर मारली. शेजारच्या काकांच्या हातातला चहा बशीत सांडला!

"अगं, पण सेनापतीच्या गळ्यात शिट्टी कशी दिसेल?" सेनापतीचे सोंग घेणारी ताई कुरकुरली.

"त्या काळी सेनापतीचे पाय मुरगळत नव्हते का? चामड्याची पिशवी शीव आणि आत घाल."

नियमही बाईंनीच सांगितला. तीन शिट्ट्या म्हणजे खेळ बंद. जो जिथे असेल तिथे त्याने खाली बसायचे, मुखवटा काढायचा आणि तोंड बंद ठेवायचे. निघण्याआधी एका सभागृहात त्यांनी सगळ्यांकडून हे करून घेतले. पहिल्या वेळी लोक खिदळले. दुसऱ्या वेळी राजाच उभा राहिला. बाईंनी पाच वेळा करायला लावले. पाचव्या वेळी सभागृहात घड्याळाची टिकटिक ऐकू आली, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हं, आता जा."

खेळाचा पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ताईच्या गळ्यात पिशवीत डुलत होते. इतक्यात हेर झालेला ग्रंथपाल हसत हसत आला.

"ताई, जिराफने आज कमाल केली! तिकडे दरीच्या बाजूला 'वाचवा, वाचवा' करून असा काही रडतोय, की मी टाळ्या वाजवून आलो."

जिराफ म्हणजे पोस्टात काम करणारा एक उंचच उंच गृहस्थ. ताईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

"अरे, जिराफ तर मौन धरलेला साधू झालाय. त्याच्या सोंगाला बोलायचीच बंदी आहे!"

तिने मला पिशवीतून ओढून तोंडाला लावले. मी तयार होते. एक. दोन. तीन. असा आवाज मी मैदानावरसुद्धा कधी काढला नव्हता! झाडांमागचे सैनिक बसले, राजा बसला, मारेकरी आणि मरणारा शेजारी शेजारी बसले. सारे रान चिडीचूप झाले. आणि त्या शांततेत, खालच्या घळीतून एक बसलेला, दमलेला आवाज आला, "इकडे… मी खरंच पडलोय हो…"

दोन भाले आणि राजाचा झगा बांधून त्यांनी डोली केली. एक गाडी पहिल्याच दिवशी रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवलेली होती. दिवस मावळायच्या आत जिराफ दवाखान्यात पोहोचला. पाय दोन ठिकाणी मोडला होता. पाऊण तास तो ओरडत होता. दोन टोळ्या वर घळीच्या काठावरून गेल्या होत्या आणि एकाने तर त्याला मुजराही केला होता.

आठवड्याने ग्रंथपाल बाईंकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसून तो खाली बघत म्हणाला, "बाई, तो कळवळत होता आणि मी टाळ्या वाजवल्या हो."

बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "आणि मग सांगायला आलास. तेही झालं नसतं तर? पी, गार होतोय. आणि त्याला भेटायला जा. त्याला वाचायला पुस्तकं हवी असतील."

तो गेला. ऐकते की अजूनही दर शनिवारी जातो.

मी आता दाराजवळच्या खिळ्याला असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताई मला धुते आणि एकदा वाजवून बघते. शेजारचे काका त्या दिवशी आधी कप खाली ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. औषधांची पेटी, टॉर्च, एखादा दोर. वर्षभर त्यांचे काही काम पडत नाही, म्हणून ते कुठेतरी पडून असतात. त्यांना अधूनमधून हातात घ्या. उघडून बघा, पेटवून बघा, ओढून बघा. गरज पडेल तेव्हा धूळ पुसायला वेळ मिळत नसतो. आम्हाला रोज मिरवायची हौस नाही; हाक आली की कामाला यायचे, एवढाच आमचा हट्ट आहे.