उलटा चढ

आंतेल्म कुर्बों आपल्या खेचराचा मागचा पाय मांडीवर घेऊन जुना नाल उचकटत होता, तेवढ्यात त्याचा मुलगा फिर्मां डोंगरावरून धावत आला आणि दुकानाच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"बाबा, ओदिलला घटसर्प झालाय. घसा भरलाय नुसता. श्वास घेतला की शिट्टी वाजते."

आंतेल्मच्या हातातला पाय सुटला. ओदिल त्याची चार वर्षांची नात. मुलाचं शेत वर डोंगरावर, खेचरावरून दोन तासांची वाट, आणि या घडीला खेचराच्या दोन पायांना नालच नव्हते.

डॉक्टर वेसाद समोरच राहत. हे ऐकताच त्यांनी घटसर्पावरच्या सीरमची बाटली पिशवीत टाकली आणि थेट मोटारीचं हँडल फिरवायला घेतलं. आधीची साडेचार घोड्यांच्या ताकदीची विकून त्यांनी यंदा, १९०७ साली, ही नवी सहा घोड्यांची घेतली होती. ती दुकानासमोरून गेली की आंतेल्म ओरडायचा, "डॉक्टर, सहा घोडे ना? मग एकाला तरी आणा की नाल ठोकायला!" आणि बाजारातली माणसं खो खो हसायची. आज हसायला कुणाला उसंत नव्हती.

"बसा, कुर्बोंकाका."

"हिला तो चढ झेपायचा नाही. तिथं बैल गुडघे टेकतात."

"सरळ नाही झेपत. उलटी नेली की झेपतो. मागे जायचा गिअर सगळ्यात दमदार. बसा म्हणतो ना!"

पूल ओलांडल्यावर डॉक्टरांनी खरोखरच मोटार वळवली. तिचं तोंड गावाकडे झालं, पाठ डोंगराकडे, आणि ती पाठमोरी चढू लागली. डॉक्टरांची मान मागे वळलेली. फिर्मां पायरीवर उभा राहून कडा सांगत होता, "डावीकडे घ्या! आणखी! दगड आहे!" आंतेल्मने डोळे गच्च मिटले होते आणि तो मरियमेचा धावा करत होता.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. साठ वर्षांत हा चढ तो हजारदा चढला असेल, पण जनावराचा पार्श्वभाग आणि पायाखालचे दगड बघत. आज त्याचं तोंड दरीकडे होतं. गाव खाली खाली चाललं होतं. चर्चचा कळस त्याच्या बुटांच्याही खाली गेला. नदी दोन्ही वळणांसकट अख्खी दिसली, आणि तिच्या पलीकडे, पार दूर, बर्फाचे डोंगर उभे होते. ते इथून दिसतात हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"आई गं," तो पुटपुटला.

पोरीचा जीव टांगणीला लागलेला आणि आपण आ वासून बघतोय, याची त्याला लाज वाटली. तरी डोळे हटेनात. खाली लोखंड एका लयीत धडधडत होतं. एवढा चढ चढूनही त्या लोखंडाला धाप लागली नव्हती. असं जनावर आंतेल्मने जन्मात पाहिलं नव्हतं.

पाऊण तासात शेत आलं. सुई टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पोरीने उद्याची सकाळ बघितली की सुटलो."

पहाटे श्वासातली शिट्टी थांबली. उन्हं आल्यावर ओदिलने दूध मागितलं आणि फार गरम आहे म्हणून भोकाड पसरलं. घरातली सगळी हसू लागली. आंतेल्म तेवढा उठून बाहेर गेला.

अंगणात तो मोटारीभोवती फिरला. खेचरावर विसंबलो असतो तर पोर गेली असती, हे त्याला कळत होतं. आता आपल्या दुकानाचं काय होणार, हेही कळत होतं. त्याने डोळे पुसले, मग उकिडवा बसून खालून बघू लागला. कॉफीचा वाडगा घेऊन डॉक्टर बाहेर आले.

"काय बघताय, काका?"

"डॉक्टर, हिचं झिजतं काय?"

डॉक्टरांनी एक घोट घेतला. "खरं सांगू? सगळंच."

"मग बरंय," आंतेल्म म्हणाला आणि गुडघे टेकून पुढच्या चाकाचा एकेक आरा बोटांनी चाचपू लागला.