धाकटीचा रुसवा

अकरा सामन्यांत तीन विजय, आणि तेही रडतखडत मिळवलेले. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आठ संघ होते आणि त्यांचा संघ आठवा होता. अशात प्रशिक्षक मॅडमची पाठ गेली. सरावात पायाशी आलेला चेंडू उचलायला त्या वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. चौघींनी मिळून त्यांना तशाच गाडीत बसवलं. दोन दिवसांनी मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तीन महिने अंथरुणाला खिळवलं. सहप्रशिक्षक मोसमाच्या तोंडावरच दुसऱ्या संघात गेले होते आणि त्यांची जागा भरायची तशीच राहून गेली होती. प्रशिक्षक नसेल तर संघ कर्णधाराने चालवायचा, असा नियम. म्हणजे थोरलीने.

संघात सख्ख्या बहिणींची जोडी होती, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. थोरली चौतीस वर्षांची, चेंडू पुढे आणून बाकीच्यांना खेळवणारी. धाकटी तिच्याहून आठ वर्षांनी लहान आणि बास्केट करण्यात तिचा हात धरणारं लीगमध्ये कुणी नव्हतं. स्टेडियमच्या दारावर पुरुषभर उंचीचा फोटो तिचाच होता. तिकिटं तिच्या नावावर खपत आणि सह्या घ्यायला पोरीबाळी तिच्याचभोवती गोळा होत.

थोरली दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा मॅडम उताण्या पडून छताकडे बघत होत्या. मान वळवायलाही बंदी होती. थोरलीने तब्येत विचारली, मग सरावाचं विचारलं, मग कुठला डाव कुणाविरुद्ध लावायचा ते विचारलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डाव तुला माझ्यापेक्षा जास्त येतात. मला एवढंच सांग, आपण का हरतो?"

थोरलीने मॅडमच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

"अकरा सामने तुला दिसतंय आणि अकरा सामने तू गिळून बसली आहेस. मीही बसले, कारण दारावर तिचा फोटो आहे. मला आता पाठीचं निमित्त मिळालं. तुला कुठलं मिळणार?"

काय दिसतंय ते दोघींनाही माहीत होतं. धाकटी सामन्यात पंचवीस-पंचवीस शॉट मारायची. चेंडू तिच्या हातात गेला की बाकीच्या चौघी पाहुण्यांसारख्या उभ्या राहत. समोरच्या संघांनी हे केव्हाच ओळखलं होतं. ते दोघीदोघींना तिच्या अंगावर घालत, आणि धाकटी त्या दोघींच्या डोक्यावरून हट्टाने शॉट मारत राही. वीस गुण तिचे होत आणि सामना दुसऱ्यांचा.

थोरलीने त्या रात्री पहिल्या पाच जणींची यादी लिहिली आणि धाकटीचं नाव राखीव खेळाडूंत टाकलं. इथवर ती बरोबर होती. चुकली ती पुढे. दोघी बहिणी वडिलांसोबत एकाच घरात राहत, सकाळी एकाच टेबलावर चहा पीत. पण चहाच्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिने ती यादी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर चिकटवली आणि स्वतः लवकर मैदानात निघून गेली.

धाकटीने यादी सगळ्यांच्या देखत वाचली. एकदा वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. मग बुटांची नाडी बांधायला बसली आणि ती बांधायला तिला फार वेळ लागला.

त्या दिवसापासून तिने थोरलीशी बोलणं टाकलं. घरात त्याचा सगळा भार बाबांवर आला. बाबा म्हणजे उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, कामापुरतं बोलणारा. आता त्यांना दिवसभर निरोप्याचं काम लागलं. बाबा, तिला सांगा मीठ संपलंय. बाबा, तिला विचारा किल्ली कुठे ठेवली. थोरली त्याच टेबलावर, हातभर अंतरावर बसलेली असायची. बाबा शांतपणे मान वळवून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे, शब्दही न बदलता. चौथ्या दिवशी ते म्हणाले की लिफ्टसुद्धा दोन मजल्यांत एवढ्या फेऱ्या मारत नाही. दोघींनाही हसू आलं, पण एकीने ते चहाच्या कपात लपवलं आणि दुसरीने खिडकीकडे तोंड केलं.

बाराव्या सामन्यात धाकटी बाकावर बसून होती. प्रेक्षकांतून तिच्या नावाचा घोष सुरू झाला, मग थोरलीच्या नावाने ओरडा. दुसऱ्या सत्रात थोरलीने तिला आत बोलावलं आणि सवयीने, पहिलाच पास तिला दिला.

समोरच्या दोघी धाकटीवर धावून आल्या. धाकटीने शॉट मारलाच नाही. तिने चेंडू कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या मुलीकडे टाकला. पुढच्या खेपेलाही तेच. समोर रान मोकळं असताना, बास्केट चार हातांवर असताना, तिने मान फिरवून चेंडू दुसरीला दिला. थोरलीच्या लक्षात आलं. हा रुसवा होता. चेंडू सगळ्यांना वाटायचा आहे ना, मग घ्या, पोटभर घ्या. लहानपणी खेळणं वाटून घ्यायला सांगितलं की ती अशीच अख्खं खेळणंच पुढे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

पण गंमत अशी झाली की तो रुसवा संघाच्या पथ्यावर पडला. एवढी वर्षं नुसते शॉट मारणाऱ्या त्या हातांना पास देण्याची उपजत जाण होती आणि ती कुणालाच, खुद्द धाकटीलाही, ठाऊक नव्हती. दोघी तिच्यावर तुटून पडत, त्यामुळे कुणीतरी एक हमखास मोकळी राही, आणि चेंडू बरोबर तिच्या हातात जाऊन पडे. सर्वांत जास्त फायदा झाला तो खांबाचा. खांब म्हणजे त्यांची सहा फूट चार इंचांची मुलगी, इतकी लाजाळू की धक्का लागला तर समोरच्या खेळाडूची माफी मागायची. मोसमभर तिच्याकडे चेंडू फिरकलाच नव्हता. त्या दिवशी तिने चौदा गुण केले आणि प्रत्येक बास्केटनंतर आपण काही चुकीचं तर नाही ना केलं, अशा चेहऱ्याने पंचांकडे पाहिलं.

नऊ गुणांनी सामना जिंकला. सगळ्या धाकटीच्या गळ्यात पडल्या आणि धाकटी गोंधळून गेली. तिने एकही बास्केट केली नव्हती. निषेध म्हणून केलेल्या गोष्टीचं कौतुक झालं की माणसाने करायचं काय, हे तिला कळेना.

पुढच्या सामन्यातही ती तशीच खेळली, चेहरा आंबट ठेवूनच. पण तिसऱ्या सामन्यात थोरलीने तिला पकडलं. पाठीमागून, न बघता, दोघींच्या मधून तिने खांबाला असा काही पास दिला की सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि परत पळत येताना धाकटी स्वतःशी हसत होती. थोरलीची नजर पडताच तिने हसू आवरलं. थोरलीने पाहिलंच नाही असं दाखवलं. मोठ्या बहिणीला एवढं यावंच लागतं.

विजय साठत गेले. चार, पाच, सहा. गुणतक्त्यात त्यांचा संघ आठव्यावरून सहाव्यावर आला. बाबा पूर्वी बाकाच्या मागे बसत. आता त्यांनी समोरच्या बाजूला, अगदी मधोमध जागा धरली होती. म्हणजे कुणी म्हणायला नको की तुम्ही हिच्या बाजूला बसलात.

सातव्या सलग विजयानंतर बसमधून परतताना धाकटी उठली आणि थोरलीच्या शेजारी येऊन बसली. मग धाकटी म्हणाली, "दारावर लावायच्या आधी मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"काही बिघडलं नसतं," थोरली म्हणाली. "तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. चुकलंच माझं."

"मी अख्ख्या जगावर चिडले असते, पण तुझ्यावर नसते चिडले."

"असतीस."

धाकटीने विचार केला. "असते," ती म्हणाली. "पण दोनच दिवस."

थोरलीने तिचा हात हातात घेतला. शॉट मारून मारून तिच्या बोटांची टोकं टणक झाली होती. "तर मग आता तोंडावर सांगते," ती म्हणाली. "उद्यापासून तू पहिल्या पाचांत. आणि अधूनमधून शॉटही मार. तुला बास्केट दिसत नाही असं समजून आता त्या तुला मोकळी सोडायला लागल्यात."

मग मात्र त्या संघाला धरबंध राहिला नाही. धाकटी पास देते की शॉट मारते, हे समोरच्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळेना. उरलेल्या सतरा सामन्यांपैकी तेरा त्यांनी जिंकले. शेवटच्या दिवशी चौथी जागा मिळवून त्या उपांत्य फेरीत घुसल्या आणि तिथे दोन वर्षं अजिंक्य असलेल्या संघाला त्यांच्याच मैदानात बारा गुणांनी हरवलं. मॅडमना आता उशीला टेकून बसता येत होतं. सामना संपल्यावर त्यांनी थोरलीला फोन केला आणि म्हणाल्या की नर्स दोनदा ओरडून गेली, रक्तदाब मोजायचं सोडून तीही नंतर सामना बघत बसली.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या सत्रापासून दोन्ही संघ हातघाईवर आले होते. कुणाचीच आघाडी चार गुणांच्या वर टिकत नव्हती. चौथं सत्र अर्धं संपलं आणि गाडी रुळावरून घसरली. समोरच्या संघातली वाऱ्यासारखी पळणारी मुलगी थोरलीला चकवून गेली. मग पुन्हा गेली, आणि पुन्हा. साठ-सहासष्ट. चार मिनिटं उरली होती. थोरलीच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण अंतिम सामना होता आणि तेरा वर्षं ती या एका सामन्याची वाट पाहत होती. ती दात-ओठ खाऊन उभी राहिली.

कुणाच्या तरी फ्री थ्रोसाठी खेळ थांबला तेव्हा धाकटी जवळ आली. तोंडावर हात धरून, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "ताई, तीनदा ती तुझ्या डावीकडून गेली. तू बस."

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. चौदा गुण मी केलेत, कर्णधार मी, आणि ही शेंबडी मला शिकवणार, असं सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं. मग तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीचे डोळे भरून आले होते. तिला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते थोरलीइतकं कुणाला कळणार होतं? धाकटीला हेच सांगायला तिला अकरा सामने आणि मॅडमची पाठ लागली होती. धाकटीने ते थेट तोंडावर सांगितलं होतं.

"चेंडू तू आण," थोरली म्हणाली आणि पंचांकडे बदलीची खूण करून बाहेर आली.

तिच्या जागी आलेली ताज्या दमाची मुलगी त्या वाऱ्याला सावलीसारखी चिकटली. धाकटीने खेळाची सूत्रं हातात घेतली. एक तिच्या शॉटने, दोन तिच्या पासवर, असे गुण वाढत गेले. थोरली बाकावर एक क्षण बसली नाही. घसा बसेपर्यंत ओरडत ती रेषेवर येरझाऱ्या घालत होती. अकरा सेकंद उरली तेव्हा एकोणसत्तर-सत्तर. एक गुण मागे, चेंडू त्यांच्याकडे.

थोरलीने शेवटचा टाइमआउट घेतला. फळीवर काढलेला डाव सोपा होता. खांबाने अडसर घालायचा, धाकटीने त्याआडून सुटून शॉट मारायचा. सगळ्यांनी माना हलवल्या. धाकटी पाणी पिऊन म्हणाली, "आणि तिघी आल्या तर?"

"मग तुला जे दिसेल ते," थोरली म्हणाली.

तिघी आल्याच. धाकटीने चेंडू घेऊन मुसंडी मारली तशा तिघीजणी भिंतीसारख्या आडव्या आल्या. घड्याळात चार सेकंद. धाकटीने उडी घेतली, हात वर गेले, तिघीही तिच्याबरोबर हवेत गेल्या. आणि तिथून, वरूनच, तिने चेंडू खाली, त्यांच्या काखेखालून सरकवला. बास्केटखाली खांब एकटी उभी होती. तिने चेंडू धरला आणि या वेळी कुणाकडेही न पाहता, कुणाचीही माफी न मागता तो फळीवर टेकवला. जाळी हलली आणि पाठोपाठ भोंगा वाजला.

एकाहत्तर-सत्तर.

पुढचं थोरलीला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बाकावरच्या सगळ्या तिच्या अंगावरून उड्या मारत मैदानात गेल्या. खांब जमिनीवर बसून ओंजळीत तोंड धरून रडत होती आणि तिच्यावर आठ जणी पडल्या होत्या. समोरच्या बाजूला बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, ठराविक लयीत, काम चोख झाल्याची खात्री पटलेल्या कारागिरासारखे, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते त्यांना पुसायचंही सुचत नव्हतं.

धाकटी त्या ढिगाऱ्यातून सुटून धावत आली. तिने थोरलीला कमरेत उचललं, गोल फिरवलं आणि दम लागेपर्यंत खाली ठेवलं नाही. "तुला दिसलं ना?" ती परत परत विचारत होती. "तिघींच्या खालून? तुला दिसलं ना, ताई?"

"दिसलं गं," थोरली म्हणाली. घसा बसल्यामुळे तिचा आवाजच फुटत नव्हता. "सगळं दिसलं."

चषक आला, फोटो झाले. प्रेक्षक पांगायला तासभर लागला. गुणफलक चालवणारा कर्मचारी वरच्या खोलीतून खाली आला आणि आता बंद करू का, म्हणून अदबीने विचारू लागला. थोरलीने मैदानाकडे पाहिलं. घामाने चिंब अंगांनी तिच्या अकराही जणी मधल्या वर्तुळात आडव्या पडल्या होत्या आणि वरच्या त्या लाल आकड्यांकडे बघत होत्या. धाकटीने न बोलता आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.

"अजून पाच मिनिटं राहू द्या," थोरली त्याला म्हणाली आणि जाऊन तिच्याशेजारी आडवी झाली.