नेमून दिलेलं घर

बेल वाजली तेव्हा उत्तरा ओट्याशी बांगडे साफ करत होती. मनगटाने केस मागे सारून तिने आधी दाराकडे पाहिलं, मग बेडरूमकडे. आत गजेंद्र क्रिकेट बघत बसला होता. शनिवारी दुपारी मस्कतमधल्या अल हैलच्या त्या फ्लॅटची बेल एकच बाई वाजवत असे, आणि ती यापुढे वाजवणार नाही अशी व्यवस्था उत्तराने गेल्याच महिन्यात केली होती.

तिने हात धुतले. वास जाईना म्हणून लिंबाची फोड चोळून पुन्हा धुतले. तोवर बेल परत वाजली. दारात वसुंधराताई उभ्या होत्या. फिकट निळी साडी, खांद्याला पर्स, उन्हाने लाल झालेला चेहरा.

"आत ये म्हणशील ना?"

"असं काय विचारता? या."

चप्पल काढताना त्यांनी भिंतीला हात टेकवला. उत्तरा बाजूला झाली आणि मनातल्या मनात चर्चच्या त्या अमेरिकन प्रमुख बाईंवर चरफडली. म्हणजे निरोप पोहोचलाच नव्हता. आता तो आपल्याच तोंडाने द्यावा लागणार.

त्यांची मॉर्मन ख्रिस्ती मंडळी मस्कतमध्ये मूठभरच. थोडे अमेरिकन, बरेचसे फिलिपिनो, चार-दोन इतर, आणि मराठी बोलणाऱ्या या दोनच बायका. मंडळीचा रिवाज असा, की प्रत्येक घरासाठी दोघीजणी नेमून दिलेल्या. महिन्यातून एकदा त्यांनी त्या घरी जायचं, विचारपूस करायची, थोडं वाचायचं, प्रार्थना करायची आणि निघायचं. भाषेच्या सोयीने उत्तराच्या वाट्याला वसुंधराताई आल्या. त्यांच्या जोडीला एक फिलिपिनो नर्स होती, पण तिची ड्यूटी नेमकी शनिवारीच लागे. त्यामुळे त्या एकट्याच येत.

सुरुवातीला उत्तराला याचं फार अप्रूप वाटलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना ती एका मैत्रिणीबरोबर या मंडळीत गेली आणि तिथलीच झाली. माहेरच्यांनी तेव्हा नाकं मुरडली ती मुरडलीच. लग्न केलं गजेंद्रशी, तो चिपळूणचा, त्याला या सगळ्यात रस नाही आणि विरोधही नाही. अशा स्थितीत परमुलखात कोणी मावशीच्या वयाची बाई घरी येते, मराठीत बोलते, जाताना पाठीवरून हात फिरवते, म्हणजे सुखच होतं. पण सुखाची तारीख ठरली की त्याचं काम होतं. शनिवार जवळ आला की सोफ्यावरचे कपडे उचला, फरशी पुसा, चहाचा डबा कपाटात मागे सरकवा. मंडळीत चहा-कॉफी वर्ज्य. उत्तरा पीत नसे, पण गजेंद्रचं चहावाचून पान हलत नसे, आणि पाहुण्यांसमोर त्या वासाने ती उगाच कानकोंडी होई. मग प्रश्न यायचा, "सगळं ठीक ना गं?" आणि ती म्हणायची, "ठीक आहे." ठीक नसतं तरी तिने तेच सांगितलं असतं. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी विचारणाऱ्या माणसाला आणखी काय सांगायचं?

मागच्या भेटीत मात्र कहर झाला. वसुंधराताईंनी डोळे मिटून, खणखणीत आवाजात, गजेंद्रचं मन मऊ व्हावं आणि त्याने योग्य मार्गाला लागावं म्हणून प्रार्थना केली. गजेंद्र भिंतीपलीकडे होता. त्या गेल्यावर तो बाहेर आला.

"मी काय दारू पिऊन पडतो का गो, मला मार्गाला लावायला? माझ्याच घरात बसून देवाकडे माझी तक्रार?"

पुढचे दोन दिवस तो कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी उत्तराने मंडळीतल्या बायकांच्या प्रमुख बाईंना मेसेज पाठवला, घरी थोडी अडचण आहे, माझ्याकडच्या भेटी थांबवता आल्या तर बरं. बाईंनी लगेच हो म्हटलं, वर एक लाल बदामही पाठवला. उत्तराचा जीव भांड्यात पडला. वसुंधराताईंना काय वाटेल, हा विचार तिने केला नव्हता असं नाही. केला आणि बाजूला ठेवला.

आता त्याच वसुंधराताई समोर बसून पाणी पीत होत्या. ग्लास रिकामा झाला तरी त्यांनी पर्समधून पुस्तक काढलं नाही. सगळं ठीक ना, असंही विचारलं नाही. उत्तराला राहवेना.

"ताई, मी बाईंना एक मेसेज केला होता."

"ठाऊक आहे. मंगळवारी फोन आला मला."

उत्तराचा चेहरा उतरला. म्हणजे या जाब विचारायला आल्या होत्या. तिने ओढणीचं टोक हातात घेतलं.

"तसं तुमच्याबद्दल काही नाही हो. ह्यांना जरा..."

"बरोबरच केलंस तू. नवऱ्याच्या नावाने त्याच्याच घरात असं मोठ्याने बोलायचं नव्हतं मी. मनात करायची होती प्रार्थना." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "आता मनात करते."

यावर हसावं की काय करावं, ते उत्तराला कळेना. वसुंधराताई मात्र हसल्या.

"आणि खरं सांगू का? मलाही जिवावर यायचं गं. दर महिन्याला नवीन काय विचारायचं माणसाला? तू ठीक आहे म्हणणार, मी बरं झालं म्हणणार. गाडीत बसल्यावर मला वाटायचं, हिला कशाला त्रास देतोय आपण."

"मग आज..." उत्तराने वाक्य अर्धवट सोडलं. आज का आलात, असं दारी आलेल्या बाईला कसं विचारायचं?

वसुंधराताईंनी ग्लास टीपॉयवर ठेवला, जरा आत सरकवला.

"सागरला सांगितलं नाही मी."

सागर म्हणजे त्यांचा मुलगा. तोही मंडळीतलाच, सभेत पुढच्या रांगेत बसणारा. नवरा गेल्यावर वसुंधराताई पुण्याचं घर बंद करून त्याच्याकडे, अल मवालेहला राहायला आल्या होत्या.

"मला आता दुसरं घर दिलंय. सोहारचं. एवढ्या लांब जाणं होणार नाही, म्हणून फोनवरच भेटा म्हणाल्या बाई. आता फोनवर काय, आमच्या हॉलमध्ये बसूनच करायची ती भेट. मुलं तिथेच खेळतात, सुनेचं लॅपटॉपवरचं काम तिथेच चालतं. माझं अंथरूणही तिथेच. सगळे आपापल्या खोलीत गेल्याशिवाय ते पडत नाही, आणि सकाळी डबे असतात." हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. "वाईट नाहीत गं कोणी. सून तर बिचारी ऑफिस करून दमलेली असते. पण कुठे जाते म्हटलं, की सागर म्हणतो, आई, इथे कशाला एकटी फिरतेस, बस ना निवांत. चर्चचं काम म्हटलं की मात्र लगेच गाडी काढतो. एकदाही नाही म्हटलेलं नाही त्याने."

आत कोणाची तरी विकेट पडली. गजेंद्र हळहळला.

"खोटं नाही बोलले मी," वसुंधराताई म्हणाल्या. "तो म्हणाला, आज शनिवार, चल सोडतो. मी बसले गाडीत. तू तुझं काम कर उत्तरा. मला सरबत नको, पाणी नको, काही नको. त्याचा खालून फोन आला की जाते मी. पुढच्या महिन्यापासून नाही येणार. त्याला सांगेन सवडीने."

उत्तराला आधी रागच आला. आपलं घर म्हणजे काय बसस्टॉप आहे? मग त्या रागाची लाज वाटली, आणि ती लाज काही केल्या हटेना. इतके महिने ही बाई आपल्यासाठी येते असं समजून आपण आदल्या दिवसापासून कपाळाला आठ्या घालत होतो.

"पाय वर घेऊन बसा," शेवटी ती एवढंच म्हणाली, आणि उशी पुढे केली.

ती स्वयंपाकघरात गेली. राहिलेले बांगडे साफ केले, त्यांना मीठ-हळद लावली, कोकमाचं आगळ टाकलं, झाकून ठेवले. एरवी भांडी ती दणादणा घासत असे, आज एकेक करून घासली. हात पुसत बाहेर आली तर वसुंधराताई उशीवर मान टाकून झोपलेल्या. पाय वर घेतलेले नव्हते. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, तोंड किंचित उघडं. सभेत त्या ताठ बसत. झोपेत त्या एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

बेडरूमचं दार उघडलं. गजेंद्र रिकामा कप घेऊन बाहेर आला आणि सोफ्याकडे बघून जागीच थांबला. मग पावलं न वाजवता उत्तराजवळ आला.

"ह्यांचं बंद केलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

"झोपल्यात."

"ते दिसतंय गो. आजारी आहेत काय?"

"नाही. दमल्यात. घरी जागा नाही त्यांना दुपारची पडायला."

गजेंद्रने त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. या बाईंचा त्याला आठवत होता तो फक्त आवाज. झोपलेलं असं त्याने त्यांना कधी बघितलं नव्हतं. तो आत गेला, टीव्ही मुका करून परत आला.

"एसी बारीक कर," तो म्हणाला. "बरोबर डोक्यावर येतोय त्यांच्या."

उत्तराने रिमोट उचलला तोच टीपॉयवर ठेवलेला वसुंधराताईंचा फोन थरथरायला लागला. सागर. वसुंधराताईंच्या भुवया हलल्या. त्या जाग्या व्हायच्या आत उत्तराने फोन उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

"आई, झालं का? मी खाली आहे."

"सागर, मी उत्तरा बोलतेय. प्रार्थना चाललीय अजून."

प्रार्थनेचं निमित्त करून खोटं बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. शब्द मात्र अजिबात अडखळले नाहीत.

"अच्छा, अच्छा. सॉरी हं." सागरचा आवाज खाली आला, जणू प्रार्थना त्याच्या गाडीतच चालली होती. "ताई, एक विचारायचं होतं. काल शुक्रवारच्या सभेनंतर कोणीतरी म्हणत होतं, सगळ्यांची घरं बदलली. आईला कुठलं मिळालं? ती तर काही बोलली नाही. लांबचं असेल तर तिला झेपायचं नाही, मी सांगतो बाईंना, तिला यातून मोकळंच करा म्हणून."

उत्तराने वळून पाहिलं. वसुंधराताईंची मान उशीवरून थोडी घसरली होती. गजेंद्र दुसरी उशी घेऊन सोफ्याजवळ उभा होता आणि ती कुठून सरकवावी या विचारात पडला होता.

"नाही, नाही, लांबचं नाही," ती म्हणाली. "आमचंच घर आहे त्यांच्याकडे."

"मग ठीक आहे."

"फक्त आता महिन्यातून दोनदा यावं लागेल. एक शनिवार सोडून एक. चालेल ना?"

"चर्चचं काम आहे, चालेल ना काय विचारता? सोडत जाईन मी. बरं, तुमचं होऊ द्या सावकाश. मी मार्केटला चक्कर मारून येतो तोवर."

"हो, सावकाश या," उत्तरा म्हणाली आणि फोन ठेवला. अमेरिकन बाईंना आता काय लिहायचं, ते तिला सुचत नव्हतं.

गजेंद्र उशी हातात धरून तसाच उभा होता. त्याने ओठांनीच विचारलं, "दोनदा?"

तिने मान डोलावली. मग तो खाली वाकला, आणि वसुंधराताईंच्या मानेखाली ती उशी हळूच सरकवली.