तीन स्पेस

वडील गेल्यावर ऑफिसातलं त्यांचं टेबल तिच्याकडे आलं आणि टेबलाबरोबर त्यांचं मॅन्युअलही. गावाला पाणी सोडणारे पंप ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचं. हयातभर त्यांनी ते एकाच साध्या फाइलीत लिहिलं होतं. साधी अक्षरं आणि मध्ये मध्ये खुणा: आकडा घातला की पायरी, तारा घातला की ठळक अक्षर. त्या खुणा वाचून टूल पानं तयार करायचं. पूर्वी टूल एकच होतं. आता तीन झाली होती. एक वेबसाइटसाठी, एक पंपघरातल्या छापील प्रतीसाठी आणि एक कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरच्या मदतीच्या खिडकीसाठी. खुणा त्याच, पण तिघांची तोंडं तीन दिशांना.

"शुक्रवारपर्यंत तिन्हीकडे सारखं दिसायला हवं," साहेब म्हणाले. "नाहीतर काकांचं मॅन्युअल बंद. बाहेरून तयार मजकूर घ्या म्हणून वरचे मागे लागलेत. तुझ्याकडे बघून थोपवून धरलंय."

"आणि त्यांचं नाव?"

"कसलं नाव?"

"पहिल्या पानावर. एवढी वर्षं लिहिलं, कुठेच नाव नाही."

"घाल की. सारखं दिसलं म्हणजे झालं."

साहेब वडिलांच्या हाताखाली शिकलेले, त्यांना काकाच म्हणायचे. एके काळी वडिलांचा अर्धा डबा तेच संपवायचे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र साहेबांना सवड झाली नाही. गेल्यावर त्यांनी भला मोठा पुष्पगुच्छ पाठवला. आईने तो दारातच ठेवला, आत घेतला नाही.

तिने तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या आणि कपाळाला हात लावला. वेबसाइटवर नवव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत. दहाव्या पायरीखालची सूचना मात्र पायरीतून निसटून डाव्या कडेला येऊन पडलेली, आणि पुढच्या पायऱ्यांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू. मजकूर सांगत होता, बाराव्या पायरीवर परत जा; आणि पानावर बारावी पायरीच नव्हती. छापील प्रतीत तीच सूचना भलत्याच चौकटीत कोंबलेली. मदतीच्या खिडकीत तर ती दिसतच नव्हती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पायरीखालची सूचना वडील तीन स्पेस आत सरकवून लिहीत. जुनं टूल भोळं होतं, चालवून घ्यायचं. नवी टूल काटेकोर. पायरीचा आकडा एक अंकी असेपर्यंत तीन पुरायच्या. दोन अंकी झाला की चार हव्यात. वडिलांचा अंगठा स्पेसबारवर तीनदाच पडायचा. तिने एकदा त्यांना टोकलंही होतं.

"माणसाला कळतंय ना?" ते म्हणाले होते. "मग टूलला शिकव. मला कशाला शिकवतेस?"

एका झटक्यात सगळीकडे चार करून टाकायची सोय नव्हती. मध्ये मध्ये कमांडचे नमुने होते, त्यांतली एक स्पेस जरी हलली तरी नमुना बिघडला असता. म्हणजे ओळ न् ओळ वाचणं आलं. ती वाचत गेली.

"थांब. झडप उघडण्याआधी खालच्या खोलीत मोठ्याने हाक मार. उत्तर आलं तर बटणावरचं बोट मागे घे. नाही आलं तर आणखी एकदा हाक मार."

असंच तुटक ते शेवटी दवाखान्यात बोलायचे. पाणी दे. खिडकी उघड. तू घरी जा. तिने स्पेस दिली आणि पुढच्या ओळीवर गेली.

साहेबांनी पूर्वी लिहिलेलं एक प्रकरणही त्याच फाइलीत होतं. दहाव्या पायरीनंतर तेही तसंच कोसळलं होतं. तिने तेही उभं केलं. सूचनांच्या चौकटी तिन्ही टूल तीन तऱ्हेने काढत होती, म्हणून चौकटीच वगळून सूचना साध्या वाक्यांत घेतल्या. वडिलांचा शब्द मात्र एकही हलवला नाही. शेवटी पहिल्या पानावर एक ओळ घातली: लेखक, आणि वडिलांचं पूर्ण नाव.

शुक्रवारी साहेबांनी तिन्ही प्रती पाहिल्या. "वा! कमाल केलीस. पानाला पान जुळतंय."

तिने पहिलं पान पाहिलं. ती ओळ नव्हती.

"नाव?"

"अगं, ते वेबसाइटवर डावीकडे येत होतं आणि छापील प्रतीत मधोमध. तेवढंच काय ते सारखं दिसेना. काढलं मी."

"मला सांगायचं होतंत. तासाभरात नीट केलं असतं."

"आता वर गेलं सगळं. आता बदल करता येत नाही." साहेब खुर्चीत चुळबुळले. "आणि काकांना कुठे नावाचा सोस होता?"

ओळ होती तिथे खाली बारीक अक्षरांत 'मार्गदर्शन' असं लिहून साहेबांचं नाव होतं. तिन्ही प्रतींत, त्याच जागी.

"हे बरं सारखं दिसतंय."

"ते पानाच्या साच्यातच आहे ना. आपोआप येतं."

ती निघाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "तुमच्या प्रकरणातल्या पायऱ्याही दहाव्यानंतर ढासळल्या होत्या."

साहेब हसले, जरा मोकळे झाले. "काकांचाच चेला मी! माझाही अंगठा तीनदाच पडतो."

"माहीत आहे. चौथी स्पेस मी दिली."

घरी आई वडिलांचे शर्ट घड्या घालून एका पिशवीत भरत होती. कुणाला द्यायचे ते अजून ठरलं नव्हतं. "झालं का गं काम? राहिलं ना त्यांचं मॅन्युअल?"

"राहिलं."

"आणि नाव?"

ती पलंगाच्या कडेला बसली. खोटं सांगता आलं असतं. आई काही वेबसाइट उघडून बघणार नव्हती.

"नाही आलं. तिन्हीकडे नाही."

आईने हातातला शर्ट झटकला, बाह्या आत दुमडल्या, कॉलर सारखी केली.

"म्हणजे सगळीकडे सारखं झालं एकदाचं," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट घेतला.