कृपाबाईचा राग

खामगावच्या त्या कापसाच्या जिनात रागवायचीही एक रीत होती. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पण ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. मॅनेजर महादेवराव एखादीवर खेकसला की तिनं पदर खोचायचा, पुढ्यातला कापूस तसाच टाकायचा आणि तणतणत फाटकाबाहेर निंबाखाली जाऊन बसायचं. तिच्यामागं आणखी दोघी-चौघी उठायच्या. मग महादेवराव चहा धाडायचा, म्हातारी मुकादमीण तानाबाई 'चला माय, झालं ते झालं' म्हणून मनधरणी करायची, आणि साऱ्या परत कामाला लागायच्या. मनधरणी झाल्याशिवाय आत यायचं नाही, हा बायकांचा मान होता.

या कामात जनकाबाईचा हात कोणी धरला नसता. ती उठली की अर्धी रांग उठायची. चहाही तिच्यासाठी दोनदा यायचा. कापूस निवडण्यातही ती कोणाला हार जाणारी नव्हती. तानाबाईला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, दिवाळीनंतर ती घरी बसणार होती, आणि तिच्या जागी मुकादमीण आपणच होणार हे जनकाबाईनं केव्हाचं धरून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं, माहेरी डोणगावलासुद्धा निरोप गेला होता.

आणि मध्येच ही कृपाबाई उपटली. मिशनच्या वस्तीतली, ख्रिस्ती, मागच्या हंगामात आलेली. महादेवराव तिच्यावर ओरडला तर ही बया जागची हलायचीच नाही. "कुठं चुकलं ते दाखवा, साहेब," एवढंच म्हणायची, तेही हळू. आणि काय सांगावं, महादेवरावाचा आवाज उतरायचा की हो! पुढं पुढं तर तो तिला 'कृपाबाई, हे जरा बघा बरं' असं म्हणायला लागला. बघा म्हणे! इतक्या वर्षांत जनकाबाईला त्यानं 'ए बाई'च्या वर हाक मारली नव्हती. तिचा जीव नुसता जळायचा. भाकरी गोड लागेना.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलंच, "काऊन वं कृपे, त्या मॅनेजरवर काय मंतर टाकते तू?"

"मंतर कायचा," कृपाबाई म्हणाली. "आमच्या शास्त्रात एक राजा सांगून गेला, का वरच्याले राग आला त आपण आपली जागा सोडून निंघून नाई जायचं. माहा बाप वाचून दाखवे."

"म्हंजे आम्ही पळपुट्या?"

"तसं नाई म्हटलं मी."

भांडायला काही हाती लागेना. जनकाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तशाच राहिल्या.

अकोल्याचा व्यापारी माल बघायला यायचा होता, त्या दिवशी तिनं डाव साधला. कृपाबाई पाणी प्यायला गेली तेव्हा जनकाबाईनं आपल्या पाटीतला किडका, पिवळा कवडी कापूस तिच्या निवडलेल्या पांढऱ्याफेक ढिगात उलथला आणि हातानं कालवून टाकला. ही बाई कामावरून जावी, असंही तिच्या मनात नव्हतं. एकदा तरी तिनं चिडावं, रडावं, आपल्यासारखं निंबाखाली येऊन बसावं, एवढीच तिची हौस होती.

महादेवराव आला. ढिगात हात घातला. मूठ पिवळी निघाली. मग काय विचारता, त्यानं ती मूठ कृपाबाईच्या पायाशी आपटली आणि जिनाचे पत्रे थरथरतील असा ओरडला.

कृपाबाईनं ढिगाकडं पाहिलं. मग जनकाबाईच्या रिकाम्या पाटीकडं पाहिलं. समजली ती. जनकाबाई कमरेला पदर खोचून तयारच होती, हिनं नाव घेतलं की झिंज्या धरायच्या.

"ढीग माहा हाये, साहेब," कृपाबाई म्हणाली. "उठून गेली तवा झाकून जायाले पाह्यजे होतं. व्यापारी यायच्या आत पुन्हा निवडून देतो."

महादेवराव दोन शब्द आणखी बोलला, पण ते आधीसारखे नव्हते. आणि मग रांगेतल्या बायका एकेक करून उठल्या, कृपाबाईच्या ढिगाभोवती बसल्या, निवडू लागल्या. जनकाबाईच्या मागं उठणारी तीच अर्धी रांग!

हे मात्र जनकाबाईला सोसवेना. पाप आपलं, आणि पुण्य हिच्या पदरात? पश्चात्तापाचं नावही नव्हतं तिच्या मनात, नुसता जळफळाट होता.

"तिनं नाई केलं ते," ती म्हणाली. "म्या टाकला कवडी."

महादेवराव गर्रकन वळला. त्यानं तिच्या कामाचा, तोंडाचा, निंबाखालच्या साऱ्या चहांचा उद्धार केला, आणि "चालती हो," म्हणाला. जनकाबाईचे पाय सवयीनं फाटकाकडं वळलेसुद्धा. मागं पाहिलं तर एकही बाई उठली नव्हती. कृपाबाई बसल्या जागेवरून तिच्याकडं बघत होती. हिला जमतं ते मला जमत नाही होय? निव्वळ त्या ईर्षेनं जनकाबाई थांबली.

"चुकलं, साहेब. मी बी निवडू लागतो," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, हळू बोलणाऱ्याच्या आत गारगार असेल. कसलं गार! कानशिलं पेटली होती आणि हातातली पाटी त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटत होती.

ही आता निघेल म्हणून महादेवराव वाट पाहत राहिला. ती निघेना. त्याला पुढं काय ओरडावं ते सुचेना.

"मंग बस," तो म्हणाला. "निवड." आणि गेला.

जागा होती ती कृपाबाईच्या शेजारी. जनकाबाई बसली. आणि तिनं पाहिलं तर कृपाबाईच्या मुठीत कापूस आवळून घट्ट गोळा झाला होता. तळव्यात नखं रुतून लाल वळ उठले होते.

"तुले बी राग येते?" जनकाबाईनं विचारलं.

"येते ना. आत्ता तुह्या झिंज्या उपटाव्या वाटून राह्यल्या मले," कृपाबाई त्याच हळू आवाजात म्हणाली, आणि निवडत राहिली.

कृपाबाई थंड रक्ताची निघाली असती तर जनकाबाईनं तिचा नाद सोडला असता. पण हिच्या आतही तोच जाळ होता, आणि रोज होता, आणि तरी ही जागेवर बसून होती. आता तर जनकाबाईला तिचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला. मुकादमी आपली नाही, हेही तिला तेव्हाच कळलं, कोणी न सांगता. ती खाली मान घालून पिवळा कापूस वेचू लागली.