पहिले शेजारी

घर पसंत पडलं होतं, बँकेचा होकार आला होता, आणि तरीही ते घर आमचं होत नव्हतं, कारण शेजारणीला आमच्याशी बोलायचं होतं.

हा निरोप मार्टेनचा. मार्टेन म्हणजे नेदरलँड्समधला आमचा एजंट. माणूस अतिशय सभ्य, आणि सभ्य माणसं नको ती गोष्ट जशी साखर घालून सांगतात तसाच त्याचा निरोप होता. घर विकणारे आजोबा वृद्धाश्रमात राहायला गेले आहेत. त्यांची एकच अट आहे. सही होण्याआधी घेणाऱ्यांनी शेजारच्या हेनी वेसेलिंक यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलावं. गाव लहान आहे, नवी माणसं कोण आहेत हे शेजाऱ्यांना कळलेलं बरं असतं.

सिंगापुरातल्या बिशानच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ओट्यापाशी उभ्या उभ्या मी तो निरोप वाचला आणि माझं डोकं फिरलं. नवी माणसं कोण आहेत, हा प्रश्न मी जन्मापासून ऐकत आलेय. तो विचारायच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात, एवढंच. नागपुरात सरळ आडनाव विचारतात. पुण्यात ‘मूळचे कुठले?’ असं विचारतात. इथे सिंगापुरात एकदा यिशुनमधला फ्लॅट बघायला निघालो होतो, तर घरमालकाने ‘इंडियन का?’ एवढंच विचारून फोन ठेवला. तेव्हा गंमत म्हणजे मला जरा बरंच वाटलं होतं, कारण निदान त्या नकारात सगळे भारतीय एकाच ओळीत उभे होते.

माझे वडील घर शोधायला निघाले की दारातच सांगायचे, “नमस्कार, मी गजभिये.” घर बघण्याच्याही आधी. आत जाऊन, नळाला पाणी किती वेळ येतं वगैरे विचारून, चहा पिऊन मग नकार ऐकण्यापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. त्याने दोघांचाही वेळ वाचतो. लग्नानंतर माझं आडनाव मेश्राम झालं, सवय मात्र तीच राहिली.

खरं सांगायचं तर या घरावर माझा जीव अडकला होता तो घरासाठी नव्हे, बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे, यादवराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. गुडघे पार गेलेले. रत्नदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिकडच्या एका पाणी संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हापासून आम्ही घरं बघत होतो, आणि डच घरांचे जिने म्हणजे निव्वळ शिड्या असतात. निजायची खोली वर, न्हाणीघर वर, आणि मध्ये ती शिडी. बाबांनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि एक दिवस जेवताना सांगून टाकलं की तुम्ही दोघं जा, मी नागपूरला परत जातो, आपला फ्लॅट आहेच. त्या फ्लॅटमध्ये त्यांना पाणी द्यायलाही कुणी नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

मग हे घर सापडलं. लाल विटांचं, बैठं. खालीच दोन खोल्या, न्हाणीघर, मागे नासपतीचं झाड. गावाचं नाव आम्हाला अजून कुणालाच नीट उच्चारता येत नाही. रत्नदीप नोकरीच्या कामाने तिकडे गेला तेव्हा ते बघून आला आणि फोनवर मला म्हणाला, अगं, एकही पायरी नाही. दुसऱ्या कुठल्याही घराचं त्याने एवढं रुक्ष वर्णन केलं असतं तर मी चिडले असते.

आणि आता शेजारीणबाई.

रविवारी दुपारी कॉल ठरला. सकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला गेलो होतो. तिथे बाबा पुढच्या बाकावर बसले असताना रत्नदीपने हळूच विषय काढला. कॉलच्या वेळी बाबांना खाली पार्कमध्ये पाठवू या का? बाई काहीबाही विचारतील, त्यांच्यासमोर नको. मला ते पटलं. या वयात पुन्हा एकदा दारातून परत फिरायचं, तेही मुलाच्या घरात बसून, हे त्यांच्या वाट्याला यायला नको होतं.

जेवण झाल्यावर रत्नदीप म्हणाला, “बाबा, जरा पाय मोकळे करून येता का? ऊन उतरलंय.”

बाबांनी खिडकीबाहेर रणरणत्या उन्हाकडे बघितलं, मग मुलाकडे. “मला फिरायला पाठवून राहिला का तू?” ते म्हणाले. “असले प्रश्न मी तुझ्याआधीपासून ऐकतोय. बसू दे मला.”

आणि ते खरंच बसले. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, लॅपटॉपसमोर, आमच्या दोघांच्या मध्ये. एवढ्या उकाड्यात गळ्याचं बटणही लावलेलं. मला त्यांचा राग आला आणि गलबलूनही आलं.

पडद्यावर आधी मार्टेन दिसला, मग त्याच्या शेजारी हेनीबाई. सत्तरीच्या पुढच्या, पांढरे आखूड केस, रुंद खांदे, गालांवर वाऱ्याने आलेली लाली. इंग्रजी बोलत होत्या, पण एकेक शब्द जपून. मागे स्वयंपाकघर, टेबलावर कॉफी. हसल्या नाहीत. म्हणाल्या, मला तुम्हाला काही गोष्टी विचारायच्या आहेत, वाईट वाटून घेऊ नका.

बस. माझा तोल गेला. वडिलांची सवय उसळून वर आली. म्हटलं, बाई, विचारायचे कष्ट घेऊ नका, मीच सांगते. आमचं आडनाव मेश्राम. आम्ही बौद्ध. घरात मासे होतात, मटण होतं, फोडणीचा वास येतो. सासरे आमच्याबरोबरच राहणार, कायमचे. चालत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल. रत्नदीप टेबलाखालून माझा पाय दाबत होता, मी थांबले नाही.

हेनीबाई गोंधळल्या. त्यांनी मार्टेनकडे बघितलं, मार्टेनने खांदे उडवले. मग त्यांनी वहीचं एक पान पुढे ओढलं आणि विचारलं, “मेश्राम. बरोबर म्हटलं का मी?” दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं. मग म्हणाल्या की मटणाचं मला काही नाही, आमच्याकडे डुकरं आहेत, वासाचं म्हणाल तर तुम्हालाच सोसावं लागेल. मला विचारायचं होतं ते वेगळंच. तुमच्या यजमानांची उंची किती?

एक क्षण मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. रत्नदीपने निमूटपणे आपली उंची सांगितली. पाच फूट सहा इंच. हेनीबाईंचा चेहरा पडला.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि अडलं तिथे मार्टेनने मदत केली. त्यांच्या भागात एक जुनी रीत आहे. आपल्या घराला सर्वांत जवळचं जे घर, ते पहिले शेजारी. मूल जन्मलं की पहिल्यांदा त्यांना सांगायचं. घरात कुणी गेलं तर आधी त्यांच्याच दारावर थाप मारायची. मग ते गावाला कळवतात, कॉफी करतात, येणाऱ्याजाणाऱ्यांचं बघतात, आणि शवपेटीही शेजारीच उचलतात, सहा जण. घरच्यांनी काही करायचं नाही. घरच्यांनी फक्त रडायचं.

हेनीबाईंचे यजमान गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते. घर विकणारे आजोबा म्हणजे त्यांचे पहिले शेजारी, आणि सहांतले एक. आता तेच उठून गेले. घराला गिऱ्हाइकं पुष्कळ आली होती म्हणे, शहरातली, शनिवार-रविवारपुरती. हेनीबाई म्हणाल्या, “त्यांच्या घराला दिवसभर कुलूप असणार. मग मी थाप कुणाच्या दारावर मारू?”

सगळी पाठ केलेली उत्तरं हातात तशीच राहिली. मला या बाईने पारखायला बोलावलं होतं हे खरं, पण मी समजले होते ती पारख ही नव्हती. ती आम्हाला दारात उभं करून आत घ्यायचं की नाही हे ठरवत नव्हती. तिलाच आमच्या दारात यायचं होतं, आणि ते उघडेल ना एवढी तिला काळजी होती.

रत्नदीप म्हणाला, माझी उंची कमी आहे, पण खांदा देईन. इंग्रजीत खांदा देणं कसं म्हणायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने आपल्या खांद्यावर थाप मारून दाखवली. हेनीबाई पहिल्यांदा हसल्या. बाकीचे पाचही जण सहा फुटांच्या वर आहेत, म्हणाल्या, पेटी तुमच्या बाजूला कलेल. खांद्यावर उशी ठेवू. माझ्या नवऱ्याला चालेल, तो आयुष्यभर वाकडाच वागला.

मला हसू आवरेना. हसता हसता शेजारी बघितलं तर बाबा हसत नव्हते.

बाबांचे वडील गेले तेव्हा बाबा बदलीच्या एका गावी होते, भाड्याच्या घरात. सकाळची वेळ. बाबांनी शेजारचं दार वाजवलं. आतून रेडिओ ऐकू येत होता. दार उघडलं नाही. पुढच्या घराचंही नाही. शेवटी दोन मैलांवरून वस्तीतली माणसं सायकलींवर आली तेव्हा त्यांच्या वडिलांना खांदा मिळाला. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. बाबांच्या तोंडून आजवर एक शब्द नाही.

आता ते लॅपटॉपकडे थोडे वाकले. सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या त्यांच्या इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्यांनी हेनीबाईंना सांगितलं.

“मॅडम, हे दोघं कामाला जातील. मी दिवसभर घरीच असतो. रात्रीही झोप कमीच. तुम्ही केव्हाही या. दार मी उघडीन.”

हेनीबाईंनी डोळ्यांवरून हाताची पालथी बाजू फिरवली, आणि मग विचारलं, “आणि तुमच्या बाबतीत तशी वेळ आली, तर तुमची माणसं कुणाच्या दारावर येतील?”

बाबांनी आमच्याकडे बघितलं.

“माझ्या,” हेनीबाईंनीच सांगितलं. मग मार्टेनकडे वळून त्या त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि कॉफीचा कप उचलला. मार्टेनने आम्हाला ते इंग्रजीत सांगितलं. आजोबांना कळव, शेजारी मिळाले.